विजेतेपद मोठे की क्रमवारी? अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफविषयी

दांडियाबाजार: नमस्कार. माझा भाचा कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठात शिकतो आणि त्याच्यामुळे बडोद्यात आमच्या घरी पहाटे उठून कॉलेज फुटबॉल पाहिले जाते. त्याने पाठवलेला 2024 च्या प्लेऑफचा, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांचा, तक्ता अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे आणि तो पाहताना एक गोष्ट मला दर वेळी खटकते. निवड समितीच्या क्रमवारीत 16 वा असलेला क्लेमसन 12 संघांत आला आणि 11 वा अलाबामा बाहेर राहिला. 9 व्या क्रमांकाच्या बॉइझी स्टेटला तिसरे आणि 12 व्या ॲरिझोना स्टेटला चौथे मानांकन (प्लेऑफच्या तक्त्यातला क्रम) देऊन पहिल्या फेरीत पुढे चालही मिळाली. 13 जणांची समिती क्रमवारी लावते, ती बाजूला का सारायची?

सयाजीगंज: कारण कॉन्फरन्सचे, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेज संघांच्या गटाचे, विजेतेपद मैदानावर मिळते आणि क्रमवारी हे शेवटी मत असते. क्रमवारीतील सर्वांत वरच्या 5 कॉन्फरन्स-विजेत्यांना प्रवेश नक्की, हा 2024 आणि 2025 च्या हंगामांतला नियम त्यासाठीच होता. पूर्वी चारच संघ असत, तेव्हा 2016 मध्ये पेन स्टेटने बिग टेन ही कॉन्फरन्स जिंकली, त्या हंगामात ओहायो स्टेटला 24-21 असे हरवलेही, तरी प्लेऑफला ओहायो स्टेट गेला. 2023 मध्ये तर 13 पैकी 13 सामने जिंकलेल्या विजेत्या फ्लोरिडा स्टेटला, त्यांचा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) जखमी झाल्यावर, बाहेर ठेवले गेले. मला हा अन्याय आजही पटत नाही.

मोतीबाग: आपल्याकडे याच्या उलट टोक होते. 1957-58 मध्ये बडोद्याने रणजी करंडक जिंकला आणि पुढच्याच हंगामापासून मुंबईने सलग 15 वेळा तो नेला. दोन्ही संघ पश्चिम विभागातले आणि पुढे जायचा फक्त विभागाचा विजेता. माझे वडील मोतीबाग मैदानावर डबा घेऊन जात. मुंबईविरुद्ध पहिल्या डावाची आघाडी हातची गेली की ते डब्याला झाकण लावून उठत, कारण त्यांच्या लेखी हंगाम तिथेच संपलेला असे. 1970-71 पासून उपविजेत्यालाही वाट मोकळी झाली आणि त्याच वर्षी अंतिम सामना मुंबई आणि महाराष्ट्र या एकाच विभागातल्या संघांत झाला. म्हणून 5 विजेते आणि 7 इतर ही वाटणी मला योग्य वाटते. चूक प्रवेशात नव्हती, पहिली चार मानांकने विजेत्यांसाठीच राखण्यात होती.

सयाजीगंज: सहमत, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका एका विजेत्यालाच बसला. 2024 चा ओरेगॉन अपराजित आणि पहिल्या क्रमांकाचा होता. पण खालचे विजेते वर सरकवल्यामुळे प्रत्यक्षात सहावा असलेला ओहायो स्टेट आठव्या मानांकनावर गेला आणि उपांत्यपूर्व फेरीत ओरेगॉनसमोर उभा राहिला. ओरेगॉन 41-21 असा हरला. पुढे चाल मिळालेले चारही संघ त्याच फेरीत बाद झाले आणि कॉन्फरन्स न जिंकलेल्या ओहायो स्टेटने नोत्र दामला 34-23 असे हरवून विजेतेपद मिळवले.

दांडियाबाजार: तो अंतिम सामना आम्ही पाहिला, पण ओरेगॉनची बाजू तेव्हा लक्षात आली नव्हती. 2025 च्या हंगामापासून मानांकन थेट क्रमवारीवर आले आणि 5 विजेत्यांच्या जागा कायम राहिल्या, हे आता मला मान्य आहे. त्याच हंगामात एसीसी या मोठ्या कॉन्फरन्सचा विजेता ड्यूक 5 सामने हरल्यामुळे बाहेर राहिला आणि लहान कॉन्फरन्सचे विजेते टुलेन आणि जेम्स मॅडिसन आत आले. मोतीबाग, डब्याला झाकण लावणाऱ्या तुमच्या वडिलांना टुलेनची जागा नक्कीच आवडली असती.