बाबांच्या लिव्हरच्या ऑपरेशनला भुलीची दोन-दोन औषधं कशाला?

प्रश्न

बाबा ६४ वर्षांचे. लिव्हरच्या उजव्या बाजूला कॅन्सरची गाठ आहे, पुढच्या आठवड्यात तेवढा भाग काढणार आहेत. थोडा सिरॉसिसही (लिव्हर कडक होण्याचा आजार) आहे. काल भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, प्रोपोफॉल आणि रेमिफेंटानिल दोन्ही पंपाने एकत्र चालू राहतील. दुसरं अफूच्या जातीचं आहे हे घरी आल्यावर कळलं, तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाहीये. आधीच दुखणाऱ्या लिव्हरवर दोन औषधांचा भार कशासाठी? एकाने भागत नाही का?

उत्तर

मी भूलतज्ज्ञ आहे, अशी ऑपरेशन्स बऱ्याचदा करते. आईंना जवळ बसवून हे वाचून दाखवा.

प्रोपोफॉलने माणूस झोपतो, पण वेदना थांबत नाही. पोट उघडलं की गाढ झोपेतही नाडी धावते, बीपी चढतं. ते एकट्या प्रोपोफॉलने दाबायचं तर डोस इतका वाढतो की बीपी कोसळतं. आणि या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव कमी व्हावा म्हणून मोठ्या शिरांमधला दाब आम्ही मुद्दाम कमी ठेवतो, बहुतेक वेळा ५ च्या खाली. म्हणजे बीपीच्या बाबतीत हात आधीच आखडलेला असतो. रेमिफेंटानिल जोडीला असलं की प्रोपोफॉल बरंच कमी लागतं.

लिव्हरच्या भाराचं म्हणाल तर रेमिफेंटानिलला रक्तातली आणि पेशींमधली एन्झाइम्सच फोडतात, लिव्हरवर ते अवलंबून नाही. पंप कितीही तास चाललेला असो, बंद केल्यावर ३-४ मिनिटांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. सिरॉसिसमध्ये मॉर्फिन आणि मिडाझोलाम (गुंगीचं औषध) शरीरात रेंगाळतात, मी त्यांना जपूनच हात लावते.

दोन्ही मिळून श्वास मंदावतो, हे खरं. पण ऑपरेशनभर श्वास मशीनवर असतो. मला जास्त काळजी नंतरची वाटते. रेमिफेंटानिल झटकन उतरतं, म्हणून ते थांबवण्याआधीच दुसरं वेदनाशामक सुरू झालेलं हवं. ती सोय काय केली आहे, हे मॅडमना नक्की विचारा.

उत्तर

हे विचाराच. माझं असंच ऑपरेशन झालं तेव्हा जाग आली ती दुखण्यानेच, आणि औषध चढेपर्यंतचा वेळ फार वाईट गेला. नंतर पाठीतल्या बारीक नळीतून औषध दिलं, मग खोल श्वास घेता आला.

प्रश्नकर्ता

खूप आभार. आईला वाचून दाखवलं. एक सांगायचं राहिलं: बाबा कित्येक वर्षं रात्री अल्प्राझोलामची (मन शांत करणारी, झोप आणणारी) गोळी घेतात. मॅडमना बोललो नाही. बंद करू का?

उत्तर

स्वतःहून अजिबात बंद करू नका, एकदम तोडली तर झटकेही येऊ शकतात. पण आजच फोन करा. गोळीची ताकद आणि किती वर्षं घेतात ते सांगा, पाकीट सोबत न्या. वॉर्डात अफूवर्गीय वेदनाशामक चालू असताना वर ही गोळी पडली तर श्वास मंदावू शकतो, आणि तिथे मशीन नसतं.