मदत हवी आहे: आईसोबत मुक्तिनाथ, विमान की जीप?

नमस्कार मंडळी. आई 68 वर्षांची, बीपीची गोळी रोज चालू. ऑक्टोबरमध्ये नेपाळला मुक्तिनाथ करायचंय. दोन भीती आहेत.

पहिली पोखरा ते जोमसोम (मुक्तिनाथच्या खालचं गाव) प्रवासाची. विमान वीसेक मिनिटांचं, पण कालीगंडकीच्या खोऱ्यात दुपारकडे वारा सुटतो, म्हणून उड्डाणं सकाळीच होतात आणि ढग आले की रद्द. 29 मे 2022 ला याच मार्गावर विमान कोसळून 22 जण गेले. जीपने गेलं तर बेनीच्या पुढे दरडींचा रस्ता, अख्खा दिवस हाडं खिळखिळी. मला जीपच बरी वाटते, वाटेत हवं तिथे थांबता येतं. अलीकडे गेलेल्यांनी रस्त्याची अवस्था सांगा.

दुसरी उंचीची. पोखरा 800 मीटरच्या आसपास, मंदिर साधारण 3700 वर. एका दिवसात एवढं चढलं तर डोकं ठणकतं, मळमळतं. तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली उतरायचं. म्हणून मुक्काम जोमसोमला (2700 मीटर) दोन रात्री, दर्शन करून त्याच दिवशी परत. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच. बीपीच्या गोळीत लघवीचं औषध असेल तर दोन्ही मिळून पोटॅशियम घसरू शकतं.

मंदिराच्या आवारातल्या 108 धारांचं पाणी बर्फासारखं असतं. आईला ते डोक्यावर घ्यायचंच आहे. नुसतं शिंपडून चालतं ना?

आणि 3700 मीटरवरून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च देणारा विमा 68 व्या वर्षी कुणाला मिळालाय का? बऱ्याच पॉलिसींत उंचीची मर्यादा बारीक अक्षरांत असते.