गोल केक नीट कापायचा कसा? पहिला तुकडा कायम मोडतो

केकवेडी
मंडळी, केक घरीच करते, चव आणि दिसणं दोन्ही बरं जमतं, पण कापायची वेळ आली की सगळी शोभा जाते. १० इंची गोल केक, चॉकलेट स्पंजचे तीन थर आणि मधे-वर व्हिप्ड क्रीम. पहिला तुकडा उचलला की टोक प्लेटमध्ये आणि पाठ केकमध्येच, शिवाय स्पंजचा चुरा क्रीमला लागून पांढरं क्रीम मातकट दिसायला लागतं, आणि शेवटी जे उरतं ते चमच्यानेच वाढावं लागतं. पुढच्या आठवड्यात तीसेक माणसं येणारेत. त्रिकोणी तुकडे केले तर पुरणारच नाही असं वाटतंय. सुरी कुठली घ्यायची आणि तीस जणांना एका केकात कसं बसवायचं? गरम पाण्यात सुरी बुडवायची एवढं माहितीये पण त्याने क्रीम ओघळतं.

पिठूळहात
अगं ओघळतं कारण पाणी फार कढत असतं किंवा सुरी पुसलेली नसते. व्हिप्ड क्रीमला कोमट पाणी बास, कढत पाणी लागतं ते गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं दाट मिश्रण), चीजकेक, घट्ट बटरक्रीमला. अख्खं पातं बुडेल असं उंच भांडं घे, बुडव, कोरड्या फडक्याने पूस आणि मग काप. आणि हे प्रत्येक कापाला, एकदा करून चालत नाही. तुझं क्रीम मातकट होतं ना, तो मागच्या कापाचा पात्याला चिकटलेला चुरा असतो.

दुसरं म्हणजे सुरी केकखालच्या बोर्डाला टेकली की तशीच वर उचलू नकोस, वर येताना ती खालचं सगळं घेऊन येते. मूठ थोडी खाली कर आणि पातं बोर्डावरून आडवं आपल्याकडे ओढून बाहेर काढ. एवढ्यानेच निम्मा फरक पडेल बघ.

आणि पहिला तुकडा मोडायचं कारण, दोन काप दिले की लगेच उचलायची घाई असते सगळ्यांना. तिसरा काप देऊन ठेव, म्हणजे शेजारचा तुकडाही सुटा होतो आणि पहिल्याला सरकायला जागा मिळते. मग पॅलेट नाईफ (रुंद, बोथट पात्याची सुरी) पार टोकापर्यंत खाली घालून उचल. कापायच्या सुरीनेच उचलायला जाऊ नये, ती अरुंद असते.

कापाकापी
केटरिंगमध्ये आहे, मोठ्या पार्ट्यांत केक कापायचं काम बहुतेक माझ्याकडेच असतं, म्हणून लिहितो. तीस माणसांना त्रिकोण विसरा. पार्टीचा तुकडा आम्ही १ इंच रुंद, २ इंच लांब आणि केकची जेवढी उंची असेल तेवढा, साधारण ४ इंच, असा धरतो. १० इंची गोल केकचं क्षेत्रफळ ७८ चौरस इंच, म्हणजे कागदावर ३९ तुकडे, गोल कडेमुळे दोनचार कमी धरा.

कापायचे दोन प्रकार. एक म्हणजे केकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ २ इंची पट्ट्या, पट्टी आडवी पाडायची आणि तिचे इंचाइंचाचे तुकडे. पट्टी पडताना फुटू नये म्हणून तिला बाहेरून एक स्वच्छ बोर्ड उभा लावायचा, मागून काप द्यायचा आणि बोर्डासकट अलगद निजवायची. बटरक्रीम, गनाशला हे फार भारी पण तुमच्या व्हिप्ड क्रीमला नको, बाहेरचं सगळं क्रीम बोर्डाला लागून जाईल.

तुम्ही दुसरा प्रकार करा. कडेपासून २ इंच आत एक गोल कापा, सुरी उभी धरून खाली बोर्डापर्यंत. मग बाहेरच्या कड्याचे कडेवर १ इंच रुंदीचे तुकडे. १० इंची केकचा घेर ३१ इंच म्हणजे तीस माणसं तिथेच झाली की. मधला ६ इंची गोल उरतो, तो दुसऱ्यांदा मागणाऱ्यांना.

निवांत
हिशोब बरोबर पण घरच्या कार्यक्रमात इंचभर केक दिला तर लोक तोंडावर गोड बोलतील आणि नंतर बोलायचं ते बोलतीलच :) जमलं तर शेजारी एक साधा चौकोनी केक करून ठेव, आतच कापून आणायचा, चौकोनी कापायला डोकं लागत नाही.

सुरीबद्दल कोणी बोललंच नाही. स्पंजला दातेरी सुरी, ब्रेडची असते ती, लांब पात्याची. दाबायचं अजिबात नाही, हलक्या हाताने करवतीसारखी मागेपुढे. दाबलं की थर चेपतात आणि मधलं क्रीम बाजूने बाहेर येतं. चीजकेक, मूसला मात्र दातेरी नको, तिथे पातळ साध्या धारेची, नाहीतर चक्क बिनवासाचा डेंटल फ्लॉस ताणून.

फ्रिजचं पण सगळ्या केकना एकच माप लावू नका. व्हिप्ड क्रीमचा केक फ्रिजमधून काढून लगेच कापायचा आणि लगेच वाढायचा. बटरक्रीमचा गार असताना कापायचा पण वाढायच्या आधी तुकडे थोडा वेळ बाहेर ठेवायचे, गार बटर तोंडात मेणासारखं लागतं. स्पंज लोण्याचा असेल तर तोही फ्रिजमध्ये कडक होतो, तेलाचा मऊ राहतो.

जुनीपानं
थोडं अवांतर. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये 'नेचर' मासिकाला चक्क गोल केक कापण्याबद्दल पत्र लिहिलं होतं. त्याचा मुद्दा असा की त्रिकोण काढला की आतल्या दोन बाजू उघड्या पडून वाळतात. त्याऐवजी मधोमध आरपार पट्टी काढून खायची, उरलेले दोन भाग एकमेकांना भिडवायचे आणि बाहेरून रबरबँड लावायचा. दुसऱ्या दिवशी आधीच्या पट्टीला काटकोनात पट्टी. दोघातिघांच्या घरात साध्या केकला अजूनही उत्तम आहे हे. क्रीमच्या केकला रबरबँड लावून बघू नका अर्थात.

केकवेडी
सगळ्यांना खूप धन्यवाद! बाहेरचं कडं आधी हे डोक्यातच आलं नव्हतं. अजून एक, वर स्ट्रॉबेरी लावायच्यात. त्या सुरीखाली आल्या की क्रीममध्ये घुसतात, मग काय करू?

कापाकापी
आधी रेघा, मग फळं. क्रीम लावून केक गार झाला की सुरीच्या टोकाने वरच्या वर रेघा मारून घ्या, आतला गोल आणि बाहेरचे तुकडे दोन्ही, आणि प्रत्येक तुकड्याच्या मधोमध अर्धी स्ट्रॉबेरी, कापलेली बाजू टिश्यूवर टिपून, नाहीतर लाल पाणी सुटतं. रेघा दिसू नयेत असं वाटत असेल तर काही ठिकाणी क्रीमचे ठिपके द्या. आणि बोर्डाखाली ओलं पिळलेलं फडकं ठेवा, केक फिरवताना टेबलावर सरकत नाही.