अनुभव धागा : हंगामी फळांचे मफिन आणि कपकेक

ऊनपाऊस

अंबिया बहाराची संत्री बाजारात आली आहेत. पेटी घरी आली की सुरुवातीला सगळे सोलून खातात आणि मग उरलेल्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आमच्याकडे तेव्हा मफिनचा साचा माळ्यावरून खाली येतो. इसेन्सची बाटली न उघडता खऱ्या फळाचा वास आणि चव भाजल्यावरही टिकवायची कशी, यावर हा धागा. नुसत्या पाककृती नकोत, त्या ढिगाने मिळतात. तुमच्या ओव्हनमध्ये, तुमच्या गावच्या फळाचं काय होतं ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. माझं ठाम मत असं की संत्र्याच्या मफिनमध्ये रस नावापुरता, खरा खेळ सालीचा. पण नागपुरी संत्र्याची साल सुटी आणि पोकळ. किसणीवर धरली की आत दबते, केशरी राहतं बाजूला आणि पांढरा कडू भाग निघतो. म्हणून अख्खं संत्रं तासभर फ्रीजरमध्ये टाकते. साल कडक झाली की बारीक किसणीवर एका जागी एकदाच फिरवायचं. तो कीस साखरेत बोटांनी चोळायचा. सालीतलं तेल साखरेत उतरतं, ती ओल्या वाळूसारखी होते आणि घरभर वास सुटतो. रस हातानेच पिळायचा आणि गाळायचा. मिक्सरमध्ये बिया फुटल्या की कडवटपणा आलाच.

प्रमाण : दीड कप मैदा, पाऊण कप साखर, दोन संत्र्यांचा कीस, पाऊण कप दही, पाव कप रस, अर्धा कप तेल, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा (दोन्ही चहाचे चमचे). अंडं नाही. कोरडं आणि ओलं वेगवेगळं, मग हलक्या हाताने एकत्र. गुठळ्या राहिल्या तरी चालतील, घोटत बसाल तर मफिन चिवट होतील. १८० अंशांवर १८ ते २० मिनिटं.

आता तुम्ही.

वाईचावारा

स्ट्रॉबेरीबद्दल मीच बोलायला हवं, आमच्या घाटावरची आहे ना! महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मफिनला मानांकनाचा उपयोग शून्य. फळात जवळजवळ नव्वद टक्के पाणी. तुकडे घातले की भोवतालचं पीठ कच्चं लागतं. आणि रंग! सोडा घातलेल्या पिठात लाल फळ करडं-जांभळं दिसायला लागतं, कारण तो लाल रंग आंबटपणावर तगतो, सोड्याने फिरतो. म्हणून स्ट्रॉबेरीच्या मफिनमध्ये मी सोडा घालतच नाही, नुसती बेकिंग पावडर आणि वर लिंबाचा रस.

पाण्यावर उपाय सांगते. फळं अर्धी चिरायची, ताटात पसरायची आणि मंद ओव्हनमध्ये सुरकुत्या पडेपर्यंत ठेवायची. सुटलेला पाक गाळून बाजूला ठेवा, गरम मफिनवर ब्रशने लावा. मार्चमध्ये बारीक फळ स्वस्तात मिळतं, ते यासाठी उत्तम. मोठी देखणी फळं पाहुण्यांना द्या.

खारीबटर

आमच्याकडे फळ धुतात, चिरतात, मीठ-तिखट लावतात आणि खातात. चालू द्या.

वाईचावारा

@खारीबटर, तुमच्या वाट्याचे आम्हाला पाठवा.

तळकोकण

ओव्हन आमच्याकडे उशिरा आला, केक मात्र आधीपासून होता. आजी श्रावण-भाद्रपदात जून तवशाचं (मोठ्या काकडीचं) धोंडस करायची. तवसं किसायचं, त्यात गूळ, तांदळाचा रवा आणि खोबरं. पातेल्याच्या तळाला हळदीची पानं, खाली मंद आच आणि झाकणावर निखारे. वरून-खालून भाजायचं, म्हणजे ओव्हनच की.

तेच डोक्यात ठेवून मी मे महिन्यात बरक्या फणसाचे कपकेक करते. कापा इथे कामाचा नाही, त्याचे गरे कडक. बरक्याचे गरे चाळणीवर हाताने घासायचे, दोरे वर राहतात आणि खाली घट्ट रस उतरतो. त्यात गूळ विरघळवायचा, तांदळाचा रवा घालून तासभर भिजू द्यायचा. मग नारळाचं घट्ट दूध, थोडं तूप, चिमूटभर मीठ, आणि साच्यात ओतायच्या अगदी आधी सोडा. तांदळात चिकटपणा नसतो, त्यामुळे गरम असताना साच्यातून काढायला जाऊ नका, चुरा होईल. पूर्ण निवल्यावर अलगद सुटतात. वास इतका येतो की फणस न खाणारी माणसं आधीच अंगणात जाऊन बसतात. त्यांच्यासाठी आंब्याचे वेगळे करावे लागतात. डब्यातला आमरस वापरत असाल तर त्यात आधीच साखर असते, पाककृतीतली कमी करा.

जर्सीकर

न्यू जर्सीत जुलै म्हणजे ब्लूबेरी. आज दुकानात मिळते ती लागवडीची मोठी ब्लूबेरी मूळची इथलीच. व्हाइट्सबॉग नावाच्या गावात एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल यांनी रानटी झुडपांतून ती निवडून वाढवली आणि १९१६ मध्ये पहिलं पीक विकलं. मुलांना घेऊन शेतावर जातो, बादलीत जितकी पडतात तितकीच पोटात.

फळं तळाला बसतात ही सगळ्यांची तक्रार. मैद्यात घोळवली की थोडा फरक पडतो, पण खरा इलाज घट्ट पीठ. मी साच्यात आधी चमचाभर नुसतं पीठ घालतो, मग फळं मिसळलेलं. गोठवलेली असतील तर वितळवू नका, तशीच घाला, नाहीतर सगळं पीठ जांभळं. आणि सोडा जास्त झाला तर फळाभोवती हिरवट कडी दिसते. वाईच्या ताईंनी सांगितलं तेच कारण.

लिंबूटिंबू

माझा प्रश्न. अमेरिकेतल्या पाककृतीने लिंबाचे मफिन केले, वासच येत नाही. लिंबं वाढवली तर आंबट होतात. काय करावं?

परसदार

@लिंबूटिंबू, तिकडचं लिंबू वेगळं, आपलं वेगळं. आपलं कागदी लिंबू नावाप्रमाणे पातळ सालीचं, कीस निघतो जेमतेम. शिवाय वासानेही ते त्यांच्या लाइमच्या कुळातलं. जाड सालीचं इडलिंबू मिळालं तर बघा. रस कागदी लिंबाचा, साल इडलिंबाची, ही जोडी जमते.

मी सध्या कॅलिफोर्नियात मुलीकडे. मागच्या अंगणात मेयर लिंबाचं झाड लगडलंय. फ्रँक मेयर नावाच्या माणसाने १९०८ मध्ये हे चीनमधून अमेरिकेत आणलं. आंबटपणा कमी, साल मऊ, वास संत्र्याकडे झुकणारा. मफिनला छान, वरणावर पिळायला मात्र नाही जमत.

सायसाखर

मी घरून ऑर्डरी घेते, म्हणून सीताफळावर लिहिते. दिवाळीच्या सुमारास हमखास मागणी येते, 'सीताफळाचे कपकेक करून द्या'. ऐका : सीताफळाचा गर तापवला की कडू होतो. साखर वाढवून तो कडूपणा झाकला जात नाही. म्हणून गर पिठात घालायचाच नाही. कपकेक साधा व्हॅनिलाचा किंवा वेलचीचा भाजायचा, पूर्ण गार करायचा, मधोमध खड्डा करून थंड गर भरायचा आणि वर फेटलेलं क्रीम. गर चाळणीवर बियांपासून सोडवा, मिक्सर नको. भरलेले कपकेक फ्रीजमध्येच, आणि त्याच दिवशी संपवा. गिऱ्हाईक 'उद्यासाठी आजच देता का' म्हणालं तर मी नाही म्हणते.

कुकरवाली

ओव्हन नसलेल्यांसाठी. कुकरच्या तळाला मिठाचा थर, वर जाळी, रिंग आणि शिट्टी दोन्ही काढायची, दहा मिनिटं तापवायचा. कागदी कप नुसते ठेवले तर पिठाच्या वजनाने पसरतात, म्हणून स्टीलच्या आमटीच्या वाट्यांमध्ये बसवते. फळाची वाफ आत कोंडते आणि वरचा भाग चिकट राहतो. त्यामुळे कुकरमध्ये मी पाणीदार फळं घालतच नाही. केळं, चिकू, किंवा ऊनपाऊस यांच्यासारखा संत्र्याचा कीस. वरून रंग येत नाही, तो सोडून द्या.

भरदुपार

मोसंबीचं कुणी केलंय का? आमच्याकडे जालन्याहून पोतं आलंय.

ऊनपाऊस

@भरदुपार, केलंय. साल जाड आणि घट्ट असते, किसायला संत्र्यापेक्षा कितीतरी सोपी. रसाचं मात्र भरवशाचं नाही. मोसंबीचा रस काढून ठेवला की हळूहळू कडवट होतो, तापवला तर आणखीच. म्हणून पिठात फक्त कीस आणि दही. मफिन निवले की मोसंबी पिळायची, ताज्या रसात पिठीसाखर कालवायची, ओघळेल इतपत पातळ, आणि वरून सोडायची. दोन थेंब लिंबू घाला, मोसंबी एकटी फार गुळमट लागते.