बंदर ते शहर: भूमध्य समुद्रातल्या क्रूझबद्दल ग्रुपवरची चर्चा

सी-५०४: नमस्कार मंडळी. आईबाबांची सप्टेंबरातली क्रूझ ठरतेय: रोम, नेपल्स, कुशादासी, अथेन्स, परत रोम. बंदरावर उतरून आपलं आपण फिरावं की जहाजाच्या सहली घ्याव्यात?

ए-२०१: आधी व्हिसा बघ. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) मल्टिपल एंट्रीच हवा, म्हणजे एकाहून जास्त वेळा आत येता येणारा. कुशादासी तुर्कस्तानात, म्हणजे जहाज शेंगेनबाहेर जातं आणि अथेन्सला परत आत येतं. सिंगल एंट्रीवर चेक-इनलाच अडवतात. तुर्कस्तानसाठी वेगळं काय लागेल ते क्रूझ कंपनीकडून लेखी घे.

दुसरं म्हणजे, तिकिटावरचं ‘रोम’ म्हणजे सिविटावेक्किया, रोमपासून ८० किमी. विमान एक दिवस तरी आधीचं घ्या आणि रोम तेव्हाच बघा. रोमच्या टर्मिनी या मुख्य स्टेशनहून बंदराच्या गावाला ट्रेन आहे. कागदी रिजनल तिकीट स्टेशनवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा, नाहीतर दंड. रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, ते तपासा.

डी-९०३: नेपल्सला स्वतः फिरणं सोपं, बंदर शहरातच आहे. पोंपेई, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन शहर, बघायचं तर समोरच म्युनिचिपिओ मेट्रो, लाइन १ ने गारिबाल्दी स्टेशन. तिथून सोरेंतोकडे जाणारी चिर्कुमवेसुव्हियाना लोकल, साधारण ३५-४० मिनिटं.

बी-१०२: उतरायचं ‘पोंपेई’ स्टेशनवर ना?

डी-९०३: नाही दादा, इथेच लोक चुकतात. ‘पोंपेई स्कावी – विला देई मिस्तेरी’ला उतरायचं, अवशेषांत जायचं पोर्ता मरीनाचं दार जवळच आहे. नुसतं ‘पोंपेई’ हे दुसऱ्या मार्गावरचं, गावातलं स्टेशन. रोज २०,००० लोकांनाच सोडतात आणि तिकीट नावावर असतं, म्हणून आधीच काढा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. मोठी सॅक आत नेता येत नाही. लोकलमध्ये पाकीटमार असतात, बॅग पुढे धरा.

आत रस्ते बेसॉल्टच्या मोठ्या ओबडधोबड दगडांचे. गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या अजून दिसतात. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड रोवलेत, त्यांच्या फटींतून चाकं जायची. पाय मुरगळतो तो याच चाकोऱ्यांत, तेव्हा बूटच हवेत.

ए-२०१: कुशादासीहून इफेसस या प्राचीन शहराचे अवशेष २० किमीच्या आत. टॅक्सीवाल्याला वरच्या दाराशी सोडायला सांगा आणि खालच्या दाराशी बोलवा, म्हणजे सगळी वाट उताराची. सेल्ससचं ग्रंथालय मध्ये लागतं. नाट्यगृहापासून निघणारा रुंद रस्ता शेवटपर्यंत नजरेने धरा, तो बंदराकडे जायचा. नदीच्या गाळाने ते बुजलं, समुद्र काही किलोमीटर मागे हटला आणि शहर ओस पडलं. मला विचाराल तर या सफरीतलं सगळ्यात मोलाचं ठिकाण हेच.

डी-९०३: अथेन्सचं बंदर पिरेयस. मेट्रो लाइन ३ ने मोनास्तिराकी स्टेशन. अक्रोपोलिसचं (टेकडीवरच्या प्राचीन मंदिरांचं) तिकीट ठरावीक वेळेचं असतं, सकाळची पहिली वेळ घ्या. तिथला संगमरवर झिजून गुळगुळीत झालाय, कोरडा असला तरी घसरतो.

सी-५०४: आणि वेळेचं गणित?

ए-२०१: जहाजावर परतायची वेळ सुटायच्या साधारण अर्धा तास आधीची. बंदराच्या फाटकावर त्याच्या दीड-दोन तास आधी पोहोचायचं, असा हिशेब उलटा मांडा. जहाजाच्याच सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः गेलेल्यांसाठी नाही. तुर्कस्तानचं घड्याळ इटलीच्या तासभर पुढे, मोबाइल आपोआप बदलतो, जहाज बदलेलच असं नाही. मनगटावर साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. रोजच्या पत्रकावर त्या बंदरातल्या जहाजाच्या एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढा.

सी-५०४: काका, आईचे गुडघे दुखतात. पोंपेई जमेल?

डी-९०३: जमेल. पियाझा अनफितेआत्रोच्या दाराने जा. ‘पोंपेई पेर तुत्ती’ नावाचा सपाट केलेला मार्ग तिथून सुरू होतो, व्हीलचेअरही जाते.