अमेरिकेचं ग्रीन कार्ड, कॅनडाचं पीआर (कायम वास्तव्याचं) कार्ड, नूतनीकरण रखडलंय? अनुभव लिहा

आज सकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी घाबऱ्याघुबऱ्या वर आल्या. मुलगा न्यू जर्सीहून गणपतीला येणार, ग्रीन कार्डाची मुदत संपलीय, नवं अजून आलेलं नाही. "येऊ नकोस म्हणू का त्याला?" त्यांची समजूत घालता घालता मला आमचं २०२३ साल आठवलं. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला, दीर तिकडून धावत आले. खिशात मुदत संपलेलं कार्ड आणि नव्या कार्डासाठी आय-९० अर्ज भरल्याची पावती. तेव्हा त्या पावतीवर कार्डाची मुदत २४ महिने वाढायची, सप्टेंबर २०२४ पासून ३६ महिने वाढते. म्हणजे नियमाप्रमाणे सगळं ठीक. तरी परत जाताना मुंबईला काउंटरवर ती पावती या हातातून त्या हातात फिरत राहिली. आम्ही दोघं बाहेर गाडीपाशी, आणि भाऊजींचा आतून फोन, "वहिनी, जाऊ नका अजून." शेवटी सोडलं. पण अंथरुणावरच्या वडिलांचा निरोप घेऊन निघालेल्या माणसाला तिथे किती वेळ उभं केलं, ते मी विसरलेले नाही.

मुदत कार्डाची संपते, तिथे राहण्याचा हक्क संपत नाही. हे काउंटरवर कोण समजावणार? अमेरिका, कॅनडा, कुठलंही असो, लिहा. इथे पुण्यात वाट बघणाऱ्या आईबाबांनी तर नक्की लिहा.

मृद्गंध
कॅनडा. आई गेली तेव्हा माझं कार्ड संपलेलं, नवं यायचं होतं. तशीच आले. वैकुंठ स्मशानभूमीत पोचले तेव्हा सगळे माझ्यासाठी थांबले होते. येताना कुणी अडवत नाही हो, अडतं ते परत जाताना. चालू कार्ड नसेल तर पीआरटीडी, म्हणजे परत जायचा प्रवासाचा कागद, काढावं लागतं, त्याशिवाय विमानात चढू देत नाहीत. दहावं झालं, तेरावं झालं, आणि मी आईच्याच खोलीत बसून मागच्या पाच वर्षांत कॅनडात राहिल्याचे ७३० दिवस जुळवतेय, तेवढे दाखवावे लागतात. पासपोर्टवरचे शिक्के, पगाराच्या स्लिपा, लेकाच्या शाळेची पत्रं. मावश्या विचारायच्या, कधी निघतेस? काय सांगणार. धाकटा तिकडे बाबाजवळ, रोज रात्री फोनवर रडायचा. धड आईसाठी रडता आलं नाही, अजून सलतं ते.

प्राजक्त
मृद्गंध, काय बोलू. मिठी.

हिंजवडीकर
घाईत लिहितोय, कुकर लावलाय. शिक्का घ्या शिक्का! पासपोर्टवर एडीआयटी स्टॅम्प मारून देतात, तो कार्डासारखाच चालतो, जास्तीत जास्त वर्षभर. पण तो अमेरिकेत असतानाच घ्यायचा. वहिनींच्या मुलाला आजच सांगा. मूळ पावती आणि जुनं कार्ड दोन्ही हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नको.

प्रभात_रोड_आजोबा
नमस्कार. आम्ही उभयता पंचाहत्तरीच्या पुढचे. कन्येने ग्रीन कार्ड करून दिले. थंडीत पुणे, उन्हाळ्यात तिच्याकडे, असा आमचा क्रम. नूतनीकरणासाठी बोटांचे ठसे द्यायला गेलो तर सौ.चे ठसे उमटेनात. जन्मभर भांडी, धुणी, आमच्या गावच्या घरी सारवण, बोटांच्या रेषाच झिजल्या आहेत. तिथल्या बाईंनी तिचा हात हातात घेऊन क्रीम चोळले, पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. फार माया वाटली. ठसे झाले, कार्ड मात्र अद्याप नाही. मार्गशीर्षात पुतण्याच्या मुलाची मुंज पुण्यास आहे. कन्या म्हणते पावती आहे, निर्धास्त जा. धीर होत नाही. या वयात विमानतळावर अडवले तर हिला घेऊन कुठे बसू?

तळजाई
आजोबा, मुंजीला या हो! पावतीवर ३६ महिने आहेत ना, मग मुंज होऊन परत जाल आरामात. व्हीलचेअर सांगून ठेवा, सोबत माणूस मिळतो. आणि दहा वर्षांचं कार्ड असेल तर नुसत्या मुदत संपलेल्या कार्डावरही विमान कंपनीने साधारणपणे घ्यायला हवं, असा तिकडचा नियम आहे. कार्ड हरवलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा विमानात चढायच्या परवानगीचा आय-१३१ए अर्ज भरून मुंबईच्या वकिलातीत जावं लागतं. फक्त वर्षाच्या वर इथे राहायचं असेल तर निघायच्या आधीच रीएंट्री परमिटचा, म्हणजे परत यायच्या परवान्याचा, अर्ज करा.

सिंहगड_रोड
मुलांचं विसरू नका कुणी. चौदाच्या आत ग्रीन कार्ड मिळालेलं असेल तर चौदावं पूर्ण झालं की ३० दिवसांत नव्या कार्डाचा अर्ज. आम्हाला शेजारच्या गुजराती काकांनी सांगितलं म्हणून कळलं, देव त्यांचं भलं करो.

प्राजक्त
एवढा मनस्ताप, त्यापेक्षा नागरिकत्वच का घेत नाही? नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज भरला की त्याच्या पावतीवरही कार्ड २४ महिने वाढतं, डिसेंबर २०२२ पासून.

मुळशीकर
प्राजक्त, पात्र आहे मी कधीचा. पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. तिकडचं घेतलं की हा पासपोर्ट गेला. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, मिळेल, पण ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि वडिलांच्या रानाला लागून चुलत्यांचा तुकडा विकायला निघालाय. भात लावणी अजून आई उभं राहून करून घेते. सही करायला हातच उचलत नाही.

हिंजवडीकर
कुठला भात लावता? इंद्रायणी का?

मुळशीकर
आंबेमोहोर थोडा, बाकी इंद्रायणी. यंदा पाऊस बरा आहे.

सिंहगड_रोड
आंबेमोहोर विकणार असाल तर सांगा, खरंच. दुकानातल्याला वासच नसतो.

प्रभात_रोड_आजोबा
तळजाई, सौ.ला वाचून दाखवले. तिने मुंजीच्या आहेराची यादी करायला घेतली आहे. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगायची का नंतर?

तळजाई
तिकिटाबरोबरच, आजोबा. दोघांसाठी सांगा.

नवीन_सभासद_पुणे
कॅनडाचं विचारायचंय. बाबांच्या आजारपणामुळे बरेच महिने इथे कोथरूडला आहे, ७३० दिवस भरत नाहीत. नवरा कॅनडाचा नागरिक, तोही इथेच आहे सोबत, घरून काम करतो. काही मार्ग आहे का? झोप नाही लागत.

मृद्गंध
आहे. नागरिक असलेल्या नवऱ्याबरोबर बाहेर राहिलेले दिवस धरतात. लग्नाचा दाखला, त्याच्या नागरिकत्वाचा पुरावा, दोघं एका पत्त्यावर राहता याचे कागद जमवायला लागा. बाबा कसे आहेत? लेकाला क्लासहून आणायचंय, रात्री निवांत सगळं लिहिते.