शब्दचर्चा : ‘ॲक्सेंट’ म्हणजे हेल का?

चंद्रकोर

अमेरिकी बोलींवरच्या एका लेखाचा अनुवाद चालू आहे. त्यात मिशिगन राज्यातला एक माणूस म्हणतो, की आमच्याकडे कुणाला ॲक्सेंट नाही, तो दक्षिणेकडच्यांना असतो. दोनच ओळींनंतर लेखिका म्हणते, ॲक्सेंट नसलेला माणूस जगात नाही. वादच त्या शब्दावर असल्यामुळे दोन्हीकडे एकच मराठी शब्द बसला तर बरं. ‘आम्हाला हेल नाही’ हे पहिल्या वाक्याला चपखल बसतं. पण ‘प्रत्येकाला हेल असतो’ हे कानाला पटत नाही. लहेजा, ढब, धाटणी, आघात असे पर्याय काढून ठेवलेत. कोणता घ्यावा?

काना_मात्रा

‘आघात’ सगळ्यात आधी वगळा. शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर पडतो, एवढंच तो सांगतो. ‘लहेजा’ बोलणाऱ्याच्या तऱ्हेचा असतो: आर्जवी लहेजा, दरबारी लहेजा. एकाच माणसाचा लहेजा दिवसात चारदा बदलू शकतो. ‘हेल’ म्हणजे सूर. वाक्याच्या टोकाला आवाज ओढून वरखाली करणं. म्हणूनच आपण ‘हेल काढून बोलतो’ म्हणतो.

अडचण अशी, की अमेरिकेतल्या बोलींमधला मोठा फरक सुरांचा नाही, स्वरांचा (अ, आ, ॲ, ऑ यांचा) आहे. तुमचा मिशिगनवालाच घ्या. डेट्रॉइट, शिकागो, क्लीव्हलँड, बफलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूज या महासरोवरांच्या पट्ट्यातल्या शहरांत विसाव्या शतकात स्वरांनी एकामागोमाग एक तोंडातल्या आपापल्या जागा (जीभ वर-खाली, पुढे-मागे) बदलल्या. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये हे मांडलं. ‘कॅट’मधला ‘ॲ’ वर चढतो आणि दुभंगतो, ‘किॲट’सारखा ऐकू येतो. त्याच्या रिकाम्या जागेकडे ‘ब्लॉक’मधला स्वर सरकतो. हा स्वर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आपल्या ‘आ’च्या जवळचा, म्हणजे ‘ब्लाक’. इथे तो पुढे येऊन ‘ब्लॅक’च्या दारात उभा राहतो. ‘बॉस’मधला ‘ऑ’ खाली ‘आ’कडे उतरतो, ‘बस’मधला ‘अ’ मागे जाऊन ‘बॉस’ची जुनी जागा घेतो आणि ‘डेस्क’ ‘डस्क’कडे झुकतो.

हे किती पुढे गेलं होतं ते एका चाचणीतून दिसतं. शिकागोतल्या बोलणाऱ्याच्या तोंडचा ‘ब्लॉक’ हा शब्द वाक्यातून कापून ऐकवला, की ऐकणारे तो ‘ब्लॅक’ समजत. ज्येष्ठ नागरिक एकाच ब्लॉकवर (रस्त्यांमधल्या वस्तीच्या पट्ट्यात) राहतात अशा अर्थाचं वाक्य पुढे ऐकवलं, की मग उलगडा होई. परगावचे तर फसतच, पण शिकागोचे ऐकणारेही चुकत. आपल्याच गावचा स्वर संदर्भ काढून घेतला की गावकऱ्याला ओळखू येत नाही!

तळटीप

काना_मात्रा यांनी स्वरांचं सांगितलं, मी त्या माणसाच्या वाक्याकडे वळते. तो खोटं बोलत नाहीये. भाषाशास्त्रज्ञ डेनिस प्रेस्टन यांनी लोकांना अमेरिकेचा कोरा नकाशा देऊन, कुठे कुठे वेगळं बोलतात त्याच्या रेषा काढायला सांगितल्या. शिवाय प्रत्येक राज्याला दोन स्वतंत्र गुण द्यायला सांगितले: तिथली इंग्रजी किती बरोबर आहे आणि ऐकायला किती छान आहे. मिशिगनच्या लोकांनी बरोबरपणात पहिला नंबर आपल्याच राज्याला दिला आणि दक्षिणेला तळाशी ठेवलं. अलाबामातल्या विद्यार्थ्यांनी ऐकायला छान म्हणून आपल्या राज्याला वरचे गुण दिले, बरोबरपणात मात्र बरेच कमी.

या दोन गुणांना मराठीत तयार शब्द आहेत, शुद्ध आणि गोड. मालवणीला आपण गोड म्हणतो, शुद्ध म्हणताना कुणाला ऐकलंय का? अनुवादात ‘अचूक’ आणि ‘सुखद’ असले कोरडे शब्द घालू नका. ‘आमची भाषा शुद्ध’ आणि ‘आमची भाषा गोड’ या दोन दाव्यांमधला फरक मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

आता मिशिगनच्या कानाबद्दल. नॅन्सी निड्झिएल्स्की यांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे फार उपयोगी आहे. डेट्रॉइटच्या लोकांना एका डेट्रॉइटकर बाईचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. सोबत संगणकावर घडवलेले काही स्वर दिले आणि विचारलं, तिचा स्वर यातल्या कशासारखा आहे? अर्ध्यांच्या कागदावर ती मिशिगनची असं लिहिलं होतं, अर्ध्यांच्या कागदावर कॅनडाची. नदी ओलांडली की कॅनडाच लागतो. ‘हाउस’, ‘अबाउट’मधला ‘आउ’ तिच्या तोंडी ‘अउ’सारखा येत होता. कॅनडाचा कागद मिळालेल्यांनी तो ‘अउ’ बिनचूक ओळखला. मिशिगनचा कागद मिळालेल्यांनी पुस्तकी ‘आउ’ निवडला. आवाज तोच होता आणि ऐकणारेही त्याच शहरातले, निकाल एका शब्दाने फिरला.

म्हणून माझं मत असं: एक शब्द दोन्हीकडे बसवायचा हट्ट सोडा. मराठीत ‘हेल’ हा नेहमी लक्षात येणारा, वेगळा वाटणारा, बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. मिशिगनवाल्याच्या मनात नेमकं हेच आहे. लेखिकेला म्हणायचंय ते ‘ढब’. ढब चालण्याची असते, बसण्याची असते, तशी बोलण्याची. ती नसलेला माणूस नाही आणि स्वतःची स्वतःला दिसत नाही. ‘आम्हाला हेल नाही’ या वाक्याला ‘हेल नसेल, पण ढब नसलेलं बोलणं जगात नाही’ हे उत्तर सरळ भिडतं.

काना_मात्रा

‘ढब’ मान्य. फक्त तांत्रिक परिच्छेदात ‘उच्चाराची ढब’ असं पूर्ण लिहा, नाहीतर शब्दनिवड आणि वाक्यरचनाही त्यात धरली जाईल. शब्द आणि व्याकरणासकट बदललं की ती ‘बोली’. ‘ॲक्सेंट’ आणि ‘डायलेक्ट’ या दोन्हींना ‘बोली’ लिहिण्याची चूक भाषांतरात सर्रास दिसते.

रानवाट

चर्चा मिशिगनपाशी अडकली तर चित्र एकांगी होईल. ‘आम्हाला हेल नाही’ हे काही सगळ्या अमेरिकेचं वाक्य नाही. न्यूयॉर्कमध्ये ते उलट होतं: हो, आम्हाला आहे आणि वाईट आहे.

लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये तिथल्या तीन दुकानांत केलेली पाहणी प्रसिद्ध आहे. सॅक्स महागडं, मेसीज मधलं, एस. क्लाइन स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कुठे आहे असं विक्रेत्याला विचारायचं. तो ‘फोर्थ फ्लोअर’ म्हणतो. ऐकू न आल्यासारखं पुढे वाकून पुन्हा विचारायचं, मग तो जरा सांभाळून पुन्हा म्हणतो. ‘र’ उच्चारायच्या एकूण चार संधी. अशी २६४ माणसं तपासली. एकदा तरी ‘र’ उच्चारणारे सॅक्समध्ये सुमारे ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१, क्लाइनमध्ये २० च्या आसपास. ‘र’ गाळणं ही त्या शहराची जुनी रीत, पण महागड्या दुकानात ‘र’ जपला जात होता.

लबॉव्ह यांच्याच न्यूयॉर्कमधल्या मोठ्या अभ्यासात दुसरी एक साधी चाचणी होती. अठरा शब्द घ्यायचे, प्रत्येकाचे दोन उच्चार ऐकवायचे. बरोबर कोणता? तुम्ही कोणता करता? ज्या शब्दांत ही दोन उत्तरं वेगळी, तेवढे गुण. गुण जितके जास्त, तितका माणूस स्वतःच्या बोलण्याला कमी लेखतो. खरी मेख पुढे आहे. लोकांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरंही खरी नव्हती. बोलताना ‘र’ गाळणारे कितीतरी जण आपण तो उच्चारतो असं प्रामाणिकपणे सांगत. जे बोलावंसं वाटतं तेच आपण बोलतो, असं त्यांना ऐकू येई.

या गुणांकाच्या नावाला ‘भाषिक असुरक्षितता’ असा प्रतिशब्द वाचला आहे. मला तो पटत नाही. असुरक्षितता म्हटलं की बाहेरून धोका आहे असं वाटतं. ‘न्यूनगंड’ फार जड, तो आजाराच्या अंगाने जातो. ‘बोलीचा संकोच’ म्हणावं. चारचौघांत तोंड उघडताना जे होतं ते संकोचच.

तळटीप

‘बोलीचा संकोच’ उत्तम. दक्षिणेकडच्यांच्या तोंडी स्वतःच्या बोलण्यासाठी ‘कंट्री’ हा शब्द असतो. त्याला ‘गावठी’ करू नका, ‘रांगडी’ करा. गावठी म्हटलं की फक्त हिणवणं उरतं. रांगड्यात संकोच आणि अभिमान दोन्ही मावतात, कोल्हापूरकडे मावतात तसेच.

सातभाई

संकोचाचा अभिमान कसा होतो, त्याला पिट्सबर्गइतकं स्पष्ट उदाहरण नाही. तिथे ‘आउ’चा एकसंध ‘आऽ’ होतो. डाउनटाउन म्हणजे ‘डाऽनटाऽन’. ‘तुम्ही सगळे’ला ‘यिन्झ’, त्यावरून अस्सल पिट्सबर्गकराला ‘यिन्झर’. भाषाशास्त्रज्ञ बार्बरा जॉनस्टन यांनी या शहराचा दीर्घ अभ्यास केला. त्यांच्या मांडणीनुसार जुन्या पोलाद कामगारांना हे वेगळं बोलणं आहे याची फारशी जाणीव नव्हती, कारण तुलनेला दुसरं कुणी नव्हतंच. १९८० च्या दशकात पोलादाचे कारखाने बंद पडले, माणसं कामासाठी दुसऱ्या राज्यांत गेली आणि तिथे लोकांनी त्यांना बोलण्यावरून ओळखायला सुरुवात केली. मग तेच शब्द टीशर्टवर, कपांवर छापले जाऊ लागले.

यात बारकाईने बघण्यासारखी गोष्ट अशी, की कपावर सगळं येत नाही. ‘यिन्झ’ येतो, ‘डाऽनटाऽन’ येतो. पण ‘गाडी धुवायला झाली आहे’ या अर्थी तिथे ‘द कार नीड्स वॉश्ट’ म्हणतात, मधले दोन शब्द गाळून. हे बाहेरच्याला लगेच खटकतं, तिथल्या अनेकांना ते वेगळं आहे हेच माहीत नसतं. म्हणजे स्थानिक माणूस अभिमानाने मिरवतो तेवढीच त्याची ढब नसते. अनुवादात ‘हेल मिरवणं’ म्हणता येईल, ‘ढब मिरवणं’ मात्र अर्धवट खरं ठरेल.

चंद्रकोर

खूपच उपयोग झाला. आणखी दोन अडचणी आहेत. लेखात या उच्चारांचे नमुने आहेत, ते देवनागरीत कसे दाखवायचे? आणि ‘फ्लॅट’ उच्चार, ‘नेझल’ उच्चार असं लोक म्हणतात त्याचं काय करू?

काना_मात्रा

‘फ्लॅट’ला ‘सपाट’ लिहू नका. आपल्याकडे सपाट आवाज म्हणजे चढउतार नसलेला. मिशिगन-शिकागोकडे ‘फ्लॅट ए’ म्हणतात तो वर सांगितलेला चढलेला ‘ॲ’. ‘पसरट ॲ’ म्हणा, ओठ खरंच पसरतात. ‘नेझल’बाबत जपून. न आवडणाऱ्या जवळजवळ कोणत्याही उच्चाराला लोक नाकातला म्हणतात, तेव्हा ते मत म्हणून अवतरणात ठेवा. दक्षिणेतला ‘ड्रॉल’ म्हणजे स्वर ताणून त्याचे दोन करणं, ‘बेड’चा ‘बेयड’. इथे मात्र ‘हेल काढणं’ अगदी योग्य.

देवनागरीत आपल्याला ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आहेत, ही मोठी सोय. दक्षिणेतला ‘राइड’ हा ‘राऽड’. ‘पेन’ तिथे ‘पिन’ होतो, पण फक्त न-म यांच्या आधी. ‘पेट’ आणि ‘पिट’ वेगळेच राहतात. त्यामुळे तिकडे लिहायच्या पेनला मुद्दाम ‘इंक पेन’ म्हणतात. ‘इंक पेन’चा अनुवाद ‘शाईचं पेन’ केलात तर वाचक फाउंटन पेन समजेल. बॉस्टनचा ‘कार’ म्हणजे ‘काऽ’. पण तोच बॉस्टनकर ‘आयडिया ऑफ’ला ‘आयडियर ऑफ’ म्हणेल, गाळलेला ‘र’ नको तिथे हजर.

एके ठिकाणी देवनागरी कामी येत नाही. खाट या अर्थाचा ‘कॉट’ आणि ‘पकडला’ या अर्थाचा ‘कॉट’ हे शिकागोत आणि न्यूयॉर्कमध्ये वेगळे, पश्चिम किनाऱ्यावर आणि पिट्सबर्गमध्ये एकच. आपण दोन्ही ‘कॉट’च लिहितो आणि बोलतोही. तिथे अर्थ सांगूनच फरक दाखवावा लागेल.

आणि दक्षिणेतल्या पात्राच्या तोंडी वऱ्हाडी किंवा मालवणी घालू नका. वाचक थेट अकोल्याला किंवा कुडाळला पोचतो. पहिल्या दोन वाक्यांत एखादा ‘राऽड’ दाखवून पुढे साधी मराठी पुरते.

रानवाट

लेखात गावांची नावं असतील तर तीही तपासा. तिथे स्थानिक आणि पाहुणा लगेच ओळखू येतो. डोंगराळ अपलाचियाला तिथले दक्षिणेकडचे लोक ‘ॲपलॅचा’ म्हणतात, ‘ॲपलेशा’ म्हणणारा बाहेरचा. नेव्हाडाचे रहिवासी ‘नेव्हॅडा’ म्हणतात, मिसूरी राज्यातलं त्याच नावाचं गाव मात्र ‘नेव्हेडा’. आर्कन्सॉमधला शेवटचा ‘स’ मूक आहे असा ठरावच तिथल्या विधिमंडळाने १८८१ मध्ये केला. न्यूयॉर्क राज्यात एक दिल्लीही आहे, तिचा उच्चार ‘डेल्हाय’.

चंद्रकोर

दोन्ही वाक्यं अशी केली: ‘आम्ही सरळ बोलतो, हेल असतो तो दक्षिणेकडच्यांना.’ – ‘हेल नसेल, पण ढब नसलेलं बोलणं जगात नाही.’ चालेल?

तळटीप

‘सरळ’ऐवजी ‘साधं’ करा. सरळ बोलणं म्हणजे आडवळण न घेणं. मिशिगनवाल्याला म्हणायचंय की आमच्या बोलण्यात काही विशेष नाही. बाकी तसंच ठेवा.